दाखल रुग्णांसाठी राखीव

"आज गोळी घेतली का तुम्ही?"

खिडकीतल्या बोराड्यानं मला हे विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातली औषधांची खिडकी, मागं दरवाज्यापर्यंत गेलेली रांग, आणि शेजारी माझी बायको शालन, भाकरीची पिशवी छातीशी धरून. गोळी मिळत नाही म्हणून पहिली एस.टी. धरून आम्ही इथवर आलो होतो, आणि हा गडी मलाच विचारतोय, गोळी घेतली का!

"अहो, तीच मागायला आलोय ना मी!"

"मग हळू बोला. एवढं मोठ्यानं बोलताय म्हणून विचारलं."

मोठ्यानं बोलणं हा माझा आजार नव्हे, धंदा आहे. तालुक्याच्या गावात माझी पिठाची गिरणी. जातं घरघरत असताना "मावशी, बारीक का जाड?" हे कानात कुजबुजून विचारता येत नाही. जालिंदर गिरणीवाला हळू बोलायला लागला तर गावानं खुशाल समजावं की याचं काहीतरी बिनसलंय. पण एकदा माणसाच्या नावापुढं डोक्याचं दुखणं लागलं की त्याचा आवाज त्याचा राहत नाही. तो शिंकला तरी लोक एकमेकांकडं बघतात.

दुखणं मात्र होतं, ते मी नाकारत नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी उन्हाळ्यात माझी झोप उडाली. झोप नाही आणि थकवाही नाही. डोक्यात एकाहून एक भारी कल्पना. अशाच एका कल्पनेच्या भरात मी गिरणीत आलेले सगळ्या गावाचे डबे एकापाठोपाठ एक जात्यात ओतले. जोंधळा, गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, आणि देशमुखांच्या आजींचा उपासाचा राजगिरासुद्धा. आता सगळं गाव एकाच पिठाची भाकरी खाणार, भांडणं मिटणार, असं मी रस्त्यात उभा राहून ओरडत होतो. आज लोक तो किस्सा हसत हसत सांगतात. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. मला बाजेला बांधून टेंपोत घातलं होतं, आणि माझ्या अंगावरच्या पिठाकडं बघत शालन शेजारी बसली होती.

मग लिथियमची गोळी सुरू झाली. पांढरी, साधी, स्वस्तातली. त्या गोळीनं मला माझी गिरणी परत दिली, गावाचे डबे परत दिले. बरा झाल्यावर मी शालनला एक गोष्ट सांगून ठेवली होती. या आजाराची गंमत अशी की तो डोक्यात शिरला की माणसाला आपलंच खरं वाटतं. जितका बिघाड जास्त तितकी खात्री जास्त. म्हणजे ज्याला कळायला हवं त्यालाच कळत नाही. म्हणून मी तिला म्हणालो, "तुला ज्या दिवशी वाटेल मी चाललोय हाताबाहेर, त्या दिवशी तू नुसतं म्हणायचं, पट्टा उतरवा. मी भांडणार नाही, का म्हणून विचारणार नाही. जिथं असेन तिथं गप बसेन, आणि तू म्हणशील तिथं येईन." गिरणीत काही अडकलं, कुणाचा पदर ओढला गेला, तर आम्ही असंच करतो. आधी मोटार बंद, पट्टा खाली, मग बोलणं.

एवढ्या वर्षांत तिनं तो शब्द दोनदाच वापरला होता, आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती. देवावर नसेल एवढा माझा त्या शब्दावर विश्वास होता.

आणि मग त्या वर्षी गोळीच मिळेना. आमच्या पेठेतला निर्मळे औषधवाला आधी म्हणाला, परवा येईल. मग म्हणाला, सोमवारी. शेवटी एकदा चिडून खरं बोलला. "स्वस्तातली गोळी आहे जालिंदर, कुणाला त्यात मिळतंय काय? बनवणारा बनवत नाही, ठोकवाला ठेवत नाही. खोकल्याच्या औषधाच्या दहा कंपन्या दाखवतो तुला."

घरात होत्या त्या गोळ्या आम्ही पुरवून पुरवून घ्यायला लागलो. दोनाची एक, मग एकाची अर्धी. शालन रोज सकाळी अडकित्ता घेऊन बसायची आणि सुपारी कातरावी तशी गोळी कातरायची. चुरा पडला तर तो बोटानं टिपून माझ्या जिभेवर ठेवायची. डॉक्टरनं असं करू नका म्हणून सांगितलेलं होतंच. पण नसलेली गोळी पूर्ण कशी घ्यावी हे काही कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं.

निर्मळ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. जालिंदरच्या गोळ्या संपल्या, ही बातमी चहाच्या टपरीवर पोचायला वेळ लागला नाही. गिरणीतले डबे कमी व्हायला लागले. ज्या बायका डबा ठेवून बाजाराला जायच्या त्या आता डब्यापाशी उभ्या राहायला लागल्या. एकीनं तर माझ्या देखत झाकणाला कुलूप घातलेला डबा आणला, आणि किल्ली कमरेला. बोललो असतो तर म्हणाली असती, बघा, चढलं याला. मी दात आवळून तिचा जोंधळा दळून दिला.

असं सगळं पोटात घेऊन मी त्या खिडकीशी उभा होतो. आणि खिडकीच्या गजातून मला बोराड्याच्या मागचं कपाट दिसत होतं. कपाटाचं दार उघडं, आणि मधल्या फळीवर माझ्या गोळ्यांचा खोका. नावासकट. इतकी वर्षं ज्या गोळीवर मी जगलो तिचा खोका मी झोपेतसुद्धा ओळखला असता.

"त्या काय मग?" मी बोट दाखवलं.

बोराड्यानं मागं वळूनही बघितलं नाही. "त्या दाखल रुग्णांसाठी राखीव आहेत. बाहेरच्यांना द्यायच्या नाहीत, असा आदेश आहे."

"म्हणजे गोळ्या आहेत."

"आहेत, पण तुमच्यासाठी नाहीत."

"साहेब, मी दाखल होऊ नये म्हणून तर ती गोळी खातो!"

"ते बरोबर आहे," बोराडे म्हणाला. त्याला खरंच पटलं होतं, त्याचाच मला जास्त राग आला. "पण बाहेरच्यांचा साठा संपलाय. पुढच्या महिन्यात चौकशी करा."

"पुढच्या महिन्यात चौकशी करायला मी शुद्धीवर तर असायला पाहिजे!"

"हे बघा, आवाज चढवू नका. गोळी घेतली नाही म्हणूनच तुमचं हे असं होतंय."

मग मात्र मी चढवला. मी काय काय बोललो ते सगळं आज आठवत नाही, पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी म्हणालो, घर जळाल्यावर पाणी देता आणि जळू नये म्हणून मागायला आलो तर हाकलता? मी म्हणालो, शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. तुमचा आदेश काढणाऱ्याला महिनाभर माझ्या गिरणीत आणून बसवा, आणि बायका कुलपं लावून डबे आणतात ते त्याला बघू दे. गजाला धरून मी बोलत होतो आणि गज हलत होता. रांगेतली माणसं मागं सरकली. रांगेत सगळे माझ्यासारखेच होते, कुणी भावाला घेऊन आलेलं, कुणी आईला. सगळ्यांना त्याच खोक्यातलं काहीतरी हवं होतं. पण सगळे पायाकडं बघत होते.

"पेशंट हिंसक झालाय," बोराड्यानं फोनवर सांगितलं. शिपाई आले, वॉर्डातले दोघं धट्टेकट्टे आले. माझे हात कुणीतरी मागून धरले. आणि मग मुजावर डॉक्टरीण आल्या. मनोविकार विभागाच्या त्या एकट्याच डॉक्टर होत्या, आणि डोळ्यांवरून वाटायचं की त्यांना कुणी महिनाभर झोपू दिलेलं नाही.

"डॉक्टर, मला काहीही झालेलं नाही," मी म्हणालो. "मला राग आलाय, बस्स. राग येणं हा काय आजार आहे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या शालनकडं वळल्या. "ताई, तुम्ही सांगा. हे नेहमी असे बोलतात का?"

सगळे शालनकडं बघायला लागले. बोराडे, शिपाई, रांग, मी. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता ही सांगेल. सगळ्या जगात मला आतून-बाहेरून ओळखणारं एकच माणूस आहे, आणि ते इथं उभं आहे.

शालननं खिडकीतून आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. पिशवी तशीच छातीशी धरलेली.

"पट्टा उतरवा," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. ती पुन्हा म्हणाली, "आवो, पट्टा उतरवा." मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "लई दिस झालं झोपत न्हाईत, बाई. घरात आपटाआपटी करत्यात. मला ह्यांचं भ्या वाटतंय. ह्यास्नी ठिवून घ्या."

यातलं काहीच खरं नव्हतं. आदल्या रात्री मी घोरतोय म्हणून तिनंच मला कूस बदलायला लावली होती. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण शब्द दिलेला होता. का म्हणून विचारणार नाही, असं मीच म्हणालो होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्याच मनात पाल चुकचुकली. मी झोपलो होतो का खरंच? मला आपलंच खरं वाटतंय, एवढं ठाम वाटतंय, म्हणजे तेच तर नव्हे? कदाचित कपाटात खोका नसेलच. कदाचित तो मलाच दिसत असेल. मी पुन्हा कपाटाकडं बघितलं नाही, मला धीर झाला नाही. माझ्या आयुष्यात मला जर कधी खरोखर वेडं झाल्यासारखं वाटलं असेल तर ते त्या क्षणी, आणि त्या क्षणी मी ठणठणीत होतो.

मी खाली फरशीवर बसलो. त्यांनी दंडात सुई टोचली. ते इंजेक्शन मात्र भरपूर होतं त्यांच्याकडं.

जागा झालो तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन खाटेवर आलं होतं. तोंड कोरडं पडलेलं, जीभ लाकडासारखी. वॉर्डात दहा-बारा खाटा. परिचारिका ट्रे घेऊन आली आणि तिनं माझ्या तळहातावर एक पांढरी गोळी ठेवली. पूर्ण, अख्खी गोळी. कुठं कातरलेली नाही, चुरा नाही.

"माझ्यासमोर गिळा," ती म्हणाली. मी गिळली. ती पुढच्या खाटेकडं गेली.

शालन स्टुलावर बसली होती. मी तिच्याकडं न बघता विचारलं, "तुला मी बिघडलेला वाटलो?"

"न्हाई."

"थोडासुद्धा?"

"त्या इमारतीत तुम्ही एकलंच शहाणं होता काल. मी तर म्हन्ते, आजून दोन शिव्या घालायला पायजे हुत्या."

"मग मला वेडा का ठरवलंस?"

शालननं गोळी गिळलेल्या माझ्या गळ्याकडं बघितलं. "येड्याला गोळी हाय. शान्याला न्हाई. तो बोराडे सांगतच हुता, दाखल असंल तर मिळंल म्हणून. तुमचं ध्यान भांडण्यात, माझं त्या खोक्यावर."

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. एवढंच म्हणालो, "तो शब्द घालवलास शालन. माझ्याकडं तेवढाच एक होता. आता उद्या तू पट्टा उतरवा म्हणालीस तर मी खरं मानू की खोटं?"

"ठावं न्हाई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज तसाच. "दुसरा शबूद शोधू. त्याच्यासाठी आधी तुम्ही जाग्यावर ऱ्हायला पायजे. मला त्या बाजेवर तुमास्नी पुन्यांदा बघायचं न्हवतं. शबूद गेला तर गेला, खड्ड्यात गेला."

आम्ही नंतर खूप शब्द शोधले. इतक्या वर्षांत एकही तितका पक्का बसला नाही. माझं डोकं जाग्यावर राहिलं, पण तिनं काही म्हटलं की मी आधी तिच्या डोळ्यांत बघतो, खरंच का म्हणून. नवरा-बायकोतला हा संशय कुणी पेरला, त्याचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तर त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो.

त्या दिवशी मुजावर डॉक्टरीण फेरीला आल्या. माझे डोळे बघितले, हात पुढं करायला लावले, दोन प्रश्न विचारले. मी नीट उत्तरं दिली. जरा जास्तच नीट दिली असावीत, कारण परिचारिका पुढच्या खाटेकडं वळल्यावर त्या वाकून हळूच म्हणाल्या, "इतक्या लवकर बरे होऊ नका. चार दिवस तरी थोडं रागावून राहा. म्हणजे सुट्टी देताना मला तुमच्या हातात महिन्याच्या गोळ्या देता येतील."

"तुम्हाला ठाऊक होतं, डॉक्टर?"

"मला काहीच ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मी वर पत्रं लिहून लिहून थकलेय." आणि निघून गेल्या. वॉर्डात दहा लोक बडबडत होते, पण मला वेड त्या इमारतीच्या भिंतींना लागलंय असं वाटलं.

दुपारी आम्ही वॉर्डाच्या व्हरांड्यात स्टूल टाकून बसलो होतो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात छत्री, आणि मागं विशी-बाविशीची एक मुलगी, मान खाली. त्यांनी शालनला नमस्कार केला, मग मला.

"काल मी रांगेत तुमच्या मागं होतो," ते म्हणाले. "माळगे माझं नाव. एस.टी. डेपोतून रिटायर झालो. ही माझी महानंदा. हिला बी तीच गोळी लागते. संपून आठवडा झाला."

"मग बोराडे काय म्हणाला?"

"तुमच्यावानीच. पुढच्या महिन्यात या. आम्ही बरं म्हणालो, घरी गेलो. घरी गेल्यावर ही म्हणाली, बाबा, त्यांना ठेवून घेतलं, म्हणजे त्यांना गोळी मिळाली असंल." माळगे छत्रीची मूठ चोळत राहिले. "म्हणून एक विचारायचं होतं. रागावू नका. ते ओरडायचं कसं असतं? मी जन्मभर माईकवर गाड्या पुकारल्या, पण असं तोंडानं ओरडायला मला जमत न्हाई. आणि हिचं दुखणं मुकं आहे. ही नुसती भिंतीकडं तोंड करून पडून राहते. गप पडलेल्या माणसाला कोण दाखल करून घेतं?"

मला पुन्हा राग चढला, आणि या वेळी तो आजार असेल अशी कसलीच शंका मला आली नाही. मी महानंदाला समोर उभं केलं.

"ओरड," मी म्हणालो.

तिनं तोंड उघडलं. "अहो," एवढंच आलं, दाराआडून पाहुण्याला विचारावं तसं.

"राग येत नाही का तुला?"

"येतो की."

"मग कुठं जातो तो?"

"आतच ऱ्हातो." तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "पण काका, ओरडू कुणावर? खिडकीतले म्हणतात, वरून माल न्हाई. वरच्यांना कुणी बघितलंय?"

मी गज धरला होता, बोराड्याला शिव्या घातल्या होत्या, आणि बोराडे तर घरी जाऊन निवांत जेवला असणार.

शालन स्टुलावरून उठली. तिनं पदर कमरेला खोचला. आमच्या सगळ्या संसारात मी तिचा आवाज शेजारच्या घरात गेलेला ऐकला नव्हता.

"चल गं," ती महानंदाला म्हणाली. "ह्या लोकांच्यापायी मी माझ्या शान्या नवऱ्याला चार मान्सांत येडा म्हणलंय. मला ठावं हाय कुणावर वरडायचं. आधी मी वरडते, मग तू वरड. दमलीस की मी हायेच."

तिनं मुलीचा हात धरला आणि दोघी जिना उतरून गेल्या. माळगे त्यांच्यामागं निघाले, पण जिन्यापर्यंत जाऊन परत आले आणि माझ्या शेजारी कठडा धरून उभे राहिले. औषधांची खिडकी बरोबर आमच्या खाली होती.

आधी शालनचा आवाज आला. तो तिचा आहे हे ओळखायला मलाच वेळ लागला. खालची रांग हलली, कुणीतरी "अहो ताई, ताई" म्हणायला लागलं. मग तिच्या जोडीला दुसरा आवाज आला. बारीक, चिरका, आधी अडखळणारा, आणि मग एकदम मोकळा झालेला. त्यात शब्द कळत नव्हते. थांबायचं नाव नव्हतं. शिपाई धावत निघाल्याचे बूट वाजले, आणि त्या बुटांच्याही वर तो आवाज चढत राहिला.

माळग्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"तीच हाय," ते म्हणाले. "माझीच पोरगी हाय ती."